पाडेल्याचा खांदा आणि बुऱ्हाणपूरच्या सुया

साठ-सत्तर फूट उंच माडावर पायातल्या दोरीच्या भरवशावर उभा राहणारा माणूस सुईला घाबरतो, ही गोष्ट बुऱ्हाणपुरात पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळली. आमच्या वाडीत ती अजून कुणाला माहीत नव्हती. आता मीच लिहून सांगतोय, कारण परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "बाबल, त्या चिनी सुया म्हणजे नक्की काय केलं रे तुका?" प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून माझं तोंड दुखायला लागलं. शाळा मी सातवीत सोडली, त्यामुळे लिहिताना कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पाडेली. माडावर चढायचं, नारळ पाडायचे, वाळलेल्या झावळ्या काढून माड साफ करायचा, हे आमच्या घरातलं काम. वेंगुर्ल्याच्या बाजूच्या चार वाड्यांतले माड माझ्या हाताखाली आहेत. कुठल्या माडाचं खोड कुठे पोकळ वाजतं आणि कुठल्या माडावर मुंग्या आहेत, हे मला मालकापेक्षा जास्त ठाऊक. गेल्या पावसाळ्यानंतर उजवा खांदा दुखायला लागला. आधी वाटलं, कोयता ओढून ओढून भरून आला असेल. निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, तेल झालं. पण हात हळूहळू वर जायचाच बंद झाला. सदरा घालताना कळ यायची. झोपेत कूस बदलली की जाग यायची. केस विंचरायचे तर मी मान खाली आणायचो, हात वर न्यायचो नाही.

मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाडाला काही झालेलं नाही, खांदा गोठलाय, व्यायाम करा, वेळ लागेल, असं सगळं नीट सांगितलं. मग कागदावर गोळ्या लिहिता लिहिता म्हणाले, "आणि या वयात आता माडाबिडावर चढायचं विसरा. दुसरं काहीतरी बघा." घरी येईपर्यंत माझ्या कानात तेवढंच राहिलं. दुसरं काहीतरी म्हणजे काय बघायचं? मी पन्नाशी ओलांडली. हातात दुसरी कुठली कला नाही. इकडे वाडीतले माड तसेच राहिले, पिकलेले नारळ आपोआप कौलांवर पडायला लागले आणि प्रत्येक आवाजाबरोबर मला वाटायचं, हा माझ्या नावाने पडला.

अशात भाचीचा फोन आला. दीपा ही माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. जावई बँकेत, काही वर्षं कुडाळला होते, तेव्हा लग्न जमलं, आणि मग त्यांची बदली त्यांच्या स्वतःच्या गावी, बुऱ्हाणपूरला झाली. दीपा म्हणाली, "मामा, तू हंय ये. लालबागला एक डॉक्टर दीदी आसत. सुया लावतत. सासूबाईंचो गुडघो तेंनीच बरो केलो. तू काय एक सांगू नको माका, तिकीट काढलंय."

मी बायकोकडे बघितलं. सुनंदा भात वेळून पेज काढत होती. वर न बघता म्हणाली, "जा. हंय बसान माडांकडे बघत रवण्यापेक्षा बरा."

शनवारा

गाडीतल्या दोन दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही. कल्याणला गाडी बदलली, भुसावळनंतर खिडकीबाहेर केळीच केळी सुरू झाल्या आणि बुऱ्हाणपूरला उतरलो तर थंडीने दात वाजायला लागले. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर चादर ओढली की संपली. इथे लोक उन्हात खुर्च्या टाकून बसलेले आणि तरी कानाला मफलर.

दीपाचं घर शनवाऱ्यात, जुन्या दरवाज्यापासून जवळच. गल्लीत यंत्रमागांची खटखट दिवसभर चालू. आमच्याकडे समुद्राची गाज असते तशी ती पाठीमागे असते, आणि बंद झाली की माणसं दचकून विचारतात, लाईट गेली काय.

मला धास्ती होती ती वेगळी. भाचीच्या सासरी जाऊन राहायचं, तेही आजारी माणूस म्हणून, हे आमच्याकडे बरं दिसत नाही. मामाने भाचीच्या घरी जायचं ते हातात काहीतरी घेऊन आणि जेवून संध्याकाळी परतायचं. मी नारळाची गोणी, कोकम आणि काजू घेऊन गेलो होतो, तरी दारात उभा राहून चपला कुठे काढू याचाच विचार करत होतो. दीपाच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, आतूनच ओरडल्या, "अरे भाऊ, आत या ना. दरवाज्यात काहून उभे आहात? पोस्टमन आहात का?"

त्यांचं मराठी असं. मधेच हिंदी येतं, मधेच खानदेशी, आणि त्यांना ते वेगळं आहे हे माहीतही नाही. आमच्या गावात विहीणबाई व्याह्यासमोर मोठ्याने बोलत नाहीत. या तर माझ्या ताटासमोरच बसल्या, मी किती खातो ते बघायला.

जेवायला मांडे होते. मला ते ठाऊक नव्हतं. टोपलीवर घडी घालून ठेवलेलं पांढरं काहीतरी दिसलं, मला वाटलं पोळ्यांवर फडकं झाकलंय. म्हणून मी ते डाव्या हाताने हळूच उचलून बाजूला ठेवायला गेलो. विहीणबाई बघत राहिल्या. मग दीपाला म्हणाल्या, "तुझ्या मामांना सांग, खाली काही नाही. तेच खायचं आहे." आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उलट्या मडक्यासारख्या खापरावर भाजलेला तो मांडा खरंच एवढा पातळ होता की पलीकडचा दिवा दिसावा. आमच्या घावण्यापेक्षा मोठा आणि पंच्यापेक्षा थोडा लहान. मी दोन खाल्ले. त्या म्हणाल्या, "शरमू नका, अजून एक घ्या." मी म्हटलं, पोट भरलं. खरं तर भरलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे सुयांच्या बाबतीतही मी हेच केलं.

लालबाग

दुसऱ्या दिवशी दीपा मला स्कूटीवर बसवून लालबागला घेऊन गेली. दवाखाना म्हणजे एका बैठ्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. भिंतीवर एका उघड्या माणसाचं मोठं चित्र, त्याच्या अंगभर डोक्यापासून पायापर्यंत रेघा आणि रेघांवर ठिपके. मला वाटलं, एवढ्या सगळ्या ठिकाणी टोचणार. मी दीपाला म्हटलं, "मी भायर थांबतंय." ती म्हणाली, "मामा, तू पेशंट आसस."

डॉक्टर दीदी चाळिशीच्या असतील. आवाज हळू, पण विचारणं पोलिसासारखं. फोटो दाखवा, गोळ्या कुठल्या घेतल्या, साखर आहे का, रात्री कुठल्या कुशीवर झोपता. हात बाजूने वर करायला लावला, मागे न्यायला लावला, आणि प्रत्येक वेळी कुठे अडतो ते बोटाने चाचपून बघितलं. मग म्हणाल्या, "मामा," (दीपा मामा म्हणते म्हणून तिथे सगळेच मला मामा म्हणायला लागले) "सुया जादू नाहीत. दर्द कमी होईल, आखडलेलं जरा सैल पडेल. पण हात वर तुम्हीच न्यायचा आहे, रोजच्या व्यायामानं. मंजूर?"

मी म्हटलं, मंजूर. आणि सुईचं पाकीट फाडल्याचा आवाज आला तसे माझे पाय गार पडले. त्यांच्या मदतीला असलेली मुलगी म्हणाली, "दीदी, मामा पांढरे पडले." मग मला आडवं करून पाणी पाजलं. तोवर बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना कळलं होतं की कोकणातून झाडावर चढणारा माणूस आलाय आणि तो सुईला घाबरतोय.

सुई खरं तर केसाएवढी. आत जाताना मुंगीने चावल्यासारखं, तेवढंच. नंतर मात्र आत काहीतरी जड होत जातं, ओढल्यासारखं, आणि दीदी नेमकं तेच विचारतात, "आलं का जड? कुठपर्यंत गेलं?" खांद्यावर, अंगठ्याच्या बेचक्यात आणि, मला सर्वांत नवल वाटलं ते म्हणजे, पायाच्या नडगीवर. मी म्हटलं, "खांदो वर आसा." त्यांना मालवणी समजली नाही, पण अर्थ कळला. "माहीत आहे मला. आता पायात सुई असताना हात हळूहळू वर न्या." नेला. नेहमीपेक्षा बोटभर वर गेला असेल. पण बोटभर म्हणजे बोटभर.

मग काचेचे पेले. आत जाळ फिरवून विझवतात आणि पाठीवर चिकटवतात, चामडी आत ओढली जाते. आमच्याकडे पूर्वी तुमडी लावायचे, तशातलाच प्रकार, फक्त रक्त काढत नाहीत. घरी आल्यावर आरशात पाठ बघितली, काळे-निळे गोल गोल. विहीणबाई म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला असंच झालं होतं, चिंता नका करू. पण उघड्या अंगानं ओट्यावर नका बसू, लोक म्हणतील आम्ही मारलं."

शेवटी एक विडीसारखी जाड कांडी पेटवून दुखऱ्या जागेजवळ नुसती धरतात, शेक बसतो. धूर आला आणि मला एकदम गावची जत्रा आठवली. दीदींना म्हटलं, याला दवण्यासारखा वास कसा? त्या थांबल्या. म्हणाल्या, "दवण्याच्याच जातीचं झाड आहे हे. आजवर कुणी ओळखलं नव्हतं." त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की खांद्याचं विसरायलाच झालं. एवढ्या लांब, परक्या मुलखात, चिनी औषधात देवाला वाहायच्या पाल्याचा वास.

आता आकड्याची गोष्ट. पहिल्याच दिवशी दीदींनी विचारलं, "मामा, दर्दला दहातून किती नंबर द्याल? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही." असा हिशेब मी आयुष्यात केला नव्हता. सात म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या वेळी परत विचारलं. खरं सांगायचं तर दुखणं तेवढंच होतं, थोडं जास्तच, कारण व्यायाम सुरू झाला होता. पण समोर बाई एवढी मेहनत करते, भाची कामधंदा सोडून मला आणते-नेते, विहीणबाई खाऊ घालतात, आणि मी परत सात म्हणू? मी सहा म्हटलं. पुढच्या वेळी पाच. मग चार. दीदींचा चेहरा खुलायचा, दीपा घरी फोन करून सुनंदाला सांगायची, सुनंदा वाडीत सांगायची. तिकडे लोक नारळ पाडायला मला विचारायला लागले आणि इकडे मी दुखऱ्या हाताला डाव्या हाताने आधार देऊन चहाचा कप उचलत होतो.

निंबोला

बाकावर माझ्या शेजारी रोज एक जण बसायचे, भागवतभाऊ. निंबोल्याचे, केळीची बाग त्यांची. त्यांचा डावा खांदा, मानेपर्यंत. ते दीदींशी भांडायचे. "दीदी, आज काही फरक नाही. काल जिथं टोचलं तिथं नका टोचू, नुसती आग झाली." मी मनात म्हणायचो, काय हा माणूस, बाईला वाईट वाटेल. दीदींना वाईटबिईट काही वाटायचं नाही. त्या जागा बदलायच्या.

रविवारी दवाखाना बंद. भागवतभाऊ म्हणाले, "चल, माझी बाग दाखवतो तुला. कोकणात केळी नाही काय?"

"आहेत, परसात चार."

"परसात चार." त्यांनी मोटरसायकलला किक मारली. "आमच्याकडे परसात चार म्हशी राहतात."

बागेत जिथे नजर जाईल तिथे केळी, सगळ्या एका उंचीच्या, शाळेतल्या रांगेसारख्या. आमचा माड कसा, एक इकडे वाकलेला, एक तिकडे, प्रत्येकाचं नाव वेगळं. भागवतभाऊंनी विचारलं, माडाला फळ यायला किती वर्षं लागतात. सांगितलं तर हसले. "आमची केळी एकदा घड देते आणि मरते. तिच्या बुडाशी नव्या कोंबाचं पील असतं, ते पुढे चालू. तुझ्या झाडावर तुझा आजा चढला असेल." मी म्हटलं, हो, आणि बापूसही. त्यावर ते हसले नाहीत.

कापणी चालू होती. एक जण खोडाला कोयता लावायचा, झाड हळूच वाकायचं आणि दुसरा खांद्यावर घड झेलायचा. खांद्यावर जाड गादी. मी बघत उभा होतो. झेलणाऱ्याचा पाय चिखलात घसरला आणि घड सुटला. मी विचार केलाच नाही. आयुष्यभर वरून काही सुटलं की हात आपोआप जातो, तसा गेला. उजवा.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी गुडघ्यावर बसलो होतो, डोळ्यांसमोर काळं, आणि तोंडातून आवाज निघत नव्हता. घड बाजूला पडला होता, एक फणीसुद्धा तुटली नव्हती. भागवतभाऊंनी मला केळीच्या पानांवर निजवलं, पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "काल दीदीला तू किती सांगितलं होतं?"

"तीन."

"तीन," ते म्हणाले. "माझा आठ आहे, तरी मी असा पडत नाही."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या आधीच दवाखान्यात जाऊन बसले होते. मी आत गेलो तसे तेही आत आले. दीदींना म्हणाले, "दीदी, याचा नंबर खोटा आहे. लिहिलेलं सगळं काटा." आणि बाहेर गेले.

दीपा माझ्याकडे बघायला लागली. दीदींनी सुईचं पाकीट खाली ठेवलं. "मामा, हात वर करा." केला. खांद्याच्या रेषेला येऊन थांबला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही चार म्हणालात तेव्हा मी जोर वाढवला. तीन म्हणालात तेव्हा व्यायाम वाढवला. तुमचं दुखणं मी वाढवत होते आणि तुम्ही मला थँक्यू म्हणत होतात."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मनात आलं, झालं, आता या म्हणणार, तुमच्यावर इलाज नाही, घरी जा आणि दुसरं काहीतरी बघा. मग जे तोंडात आलं ते सांगितलं. सांगितलं की आमच्या कामात वर चढलेल्या माणसाने खाली कधी सांगायचं नसतं. वारा सुटतो, माड डोलतो, पायाखालची दोरी सरकते, आणि खालून मालक विचारतो, बरां आसा मां? तर वरून एकच उत्तर असतं, बरां आसा. कारण खालच्याला कळलं तर तो घाबरतो, ओरडतो, आणि त्याच्या ओरडण्याने वरचा पडतो. माझ्या वडलांनी मला चढायला शिकवलं त्याच्या आधी हे शिकवलं. मी तीस-पस्तीस वर्षं वरून बरां आसा म्हणत आलो. आता दुसरं काही तोंडातून येतच नाही.

दीपा माझं बोलणं त्यांना मराठी-हिंदीत करून सांगत होती. दीदी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ते बरोबर असेल तिथं. पण मामा, इथं तुम्ही वर नाही आहात. टेबलावर आडवे आहात. आणि खाली मी आहे, मी नाही घाबरत."

त्यांनी आकडे बंद केले. म्हणाल्या, "तुमच्या भाषेत सांगा. दुखतं म्हणजे काय होतं?" आता हे मला येत होतं. मी सांगायला लागलो. हात मागे नेला की शिणक येते, एकदम, आणि जाते. सकाळी ठणका असतो, तो सतत. सुई लावली की खांद्याच्या मागे भरून येतं, पण कोपराकडे मुंग्या जातात. आणि एक जागा आहे, काखेच्या जरा मागे, तिथे नुसतं बोट लावलं तरी कळ डोक्यात जाते. ती जागा मी आजवर सांगितलीच नव्हती, कारण त्यांनी ती विचारली नव्हती. दीदींनी बोट तिथे ठेवलं. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरसमोर ओरडलो असेन. त्या म्हणाल्या, "अच्छा. ही बाई इथं लपून बसली होती होय."

त्या दिवसापासून इलाज जवळपास पहिल्यापासून सुरू झाला. व्यायाम कमी, शेक जास्त. काखेमागच्या जागेवर आधी नुसता हाताने दाब, मग सुई. मी परतीचं तिकीट रद्द करायला सांगितलं. घरी मला वाटलं विहीणबाई आता कंटाळतील. संध्याकाळी जेवताना त्यांनी मांडा वाढला आणि म्हणाल्या, "सगळं ऐकलं मी. आता खरं सांगा, भूक किती आहे?" मी म्हटलं, अजून दोन. त्या जावयांकडे वळल्या. "बघ. हा माणूस आमच्या घरात रोज उपाशी झोपत होता."

जावई हसले. मग त्यांनी रोज बँकेतून येताना काहीबाही आणायला सुरुवात केली. एकदा मावा जिलबी आणली, काळपट, जड, बोटं तुपाने माखणारी. आमच्याकडच्या लग्नातली जिलबी तिच्यापुढे अगदी बारीक अंगाची वाटावी. मी चार खाल्ल्या आणि खरं सांगितलं, पाचवी नको, मळमळतंय.

फरक पडायला लागला तो असा अचानक नाही. एका सकाळी उठलो आणि लक्षात आलं की रात्री जाग आली नाही. मग एकदा ताप्तीच्या घाटावर गेलो होतो. पाणी कमी, दगड उघडे, पण नदी नदीच. माझी नदीची ओळख म्हणजे खाडीला मिळणारी, भरतीला उलटी वाहणारी. ही मुकाट्याने एकाच बाजूला चाललेली, एवढी रुंद. मी ओंजळ भरून डोक्यावर पाणी घेतलं. दोन्ही हातांनी. खांद्यात ओढ बसली, पण कळ आली नाही. शेजारी कपडे धुणारी बाई बघत होती. मी परत पाणी घेतलं, परत घेतलं. थंडीने कुडकुडलो तरी घेत राहिलो. दुसऱ्या दिवशी दीदींना सांगितलं, "पाणी डोक्यावर घेतलंय. ओढ आहे, कळ नाही. पण नंतर सर्दी झाली." त्या म्हणाल्या, "सर्दीसाठी दुसऱ्या जागा आहेत," आणि नाकाच्या बाजूला दोन सुया लावल्या. मी पांढरा पडलो नाही.

निघायच्या आधी शेवटचं जाऊन आलो. दीपा बाहेर स्कूटीजवळ थांबली. मी इतके दिवस न विचारलेलं विचारलं. "दीदी, मी माडावर चढेन?"

त्यांनी माझा हात धरून वर नेला, आता कानाला लागत होता, मागे मात्र अजून अडत होता. म्हणाल्या, "मला माहीत नाही, मामा. मी हो म्हणाले तर तेही तुमच्या त्या तीनसारखंच होईल. बहुतेकांचा असा खांदा वेळ घेऊन मोकळा होतो. तुमचा होतोय. पण आधी हात डोक्यामागून मानेला टेकला पाहिजे. मग दोन्ही हातांनी लटकता आलं पाहिजे. तिथल्या डॉक्टरांना दाखवा. मग बुटकं झाड. आणि दुखलं की खाली."

मी नारळ दिला, त्यांनी घेतला. पायाला हात लावायला वाकलो तर दोन पावलं मागे सरकल्या. भागवतभाऊ बाकावर होतेच. म्हणाले, "कोकणात गेलास की मला फोन कर. पण बरां आसा म्हणू नको, मला त्याचा अर्थ कळला आता."

परत आल्यावर

व्यायाम रोज केला. भिंतीवर बोटांनी चढायचं, काठी दोन्ही हातांत धरून मागे न्यायची, टॉवेल पाठीमागून ओढायचा. सुनंदा म्हणायची, पाठ पुसतंस की दळण दळतंस. ठणका गेला, शिणक कधी कधी येते. मोठ्या डॉक्टरांनी बघितलं, हात फिरवून बघितला, म्हणाले चांगलाच सुटलाय. माडाचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. लटकण्याचं जमायला वेळ लागला, पडवीच्या वाशाला रोज थोडं थोडं.

गेल्या आठवड्यात विहिरीजवळच्या माडापाशी गेलो. तो आमचा सगळ्यांत ठेंगणा, लहानपणी मी पहिल्यांदा चढलो तो हा नव्हे, तो केव्हाच वादळात गेला. याच्यावर मी पूर्वी पायात दोरी न घालताही चढायचो. आता घातली. सुनंदा बरोबर आली, न बोलावता. नमस्कार केला, हात खोडावर ठेवले आणि पहिल्या खाचेत पाय टाकला.

खांद्यात ओढ आली. थांबलो. ती पसरली नाही, तशीच राहिली, मग उतरली. पुढची खाच. परत थांबलो. पूर्वी ज्या उंचीला मी बोलत बोलत जायचो तिथे जायला एवढा वेळ लागला की खाली कोंबड्यासुद्धा माझ्याकडे बघायच्या थांबल्या. अर्ध्यावर गेलो तेव्हा आमच्या घराची कौलं वरून दिसली. किती फुटली आहेत ते दिसलं. काखेमागच्या जागेत जरा भरून आल्यासारखं वाटलं. ती लपून बसलेली बाई. नारळांची पेंड अजून वरच होती, हात लांब केला तर पोचलाही असता कदाचित. मी उतरलो.

सुनंदा हात खोडाला लावून उभी होती. तिने माझ्या दोन्ही रिकाम्या हातांकडे बघितलं.

"नारळ खंय?"

"आज नुसतो जावन इलंय," मी म्हटलं.